शिकारी पक्ष्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वे

शिकारी पक्ष्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वे : गरुड, ससाणे, शिक्रे, घारी, गिधाडे व घुबडे या मांसाहारी पक्ष्यांच्या रक्तातून शरीरभर वाहून नेली जाणारी जीवनसत्त्वे, त्यांची रूपे आणि त्यांच्या प्रमाणात होणारे फेरफार यांचा अभ्यास पशुवैद्यक, आहारशास्त्र व वन्यजीव संरक्षण या तिन्ही शाखांच्या सीमेवर येतो. मुक्त पक्ष्याने काय खाल्ले हे प्रत्यक्ष पाहणे दुरापास्त असते. त्याच्या पोषणाची स्थिती अजमावण्याचा सर्वांत कमी इजा करणारा मार्ग म्हणजे रक्ताचा एक लहानसा नमुना. हा नमुना जे सांगतो ते अर्धवट असते आणि पुष्कळदा त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. म्हणून या विषयात आकड्यांइतकेच महत्त्व आकड्यांच्या अर्थाला आहे.

जीवनसत्त्वांच्या शोधाचा इतिहास मुळात पक्ष्यांपासूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला सडलेल्या, म्हणजे पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा मज्जातंतूंचा विकार आढळला. पुढे काझिमीर फुंक यांनी कबुतरांवर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये ‘व्हिटॅमिन’ ही संज्ञा सुचविली. हेन्रिक डाम यांनी कोपनहेगन येथे वसारहित आहारावर वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांत अकारण रक्तस्राव होतो हे पाहिले. त्यावरून १९३५ मध्ये त्यांनी रक्तक्लथनास (रक्त गोठण्यास) आवश्यक अशा ‘के’ जीवनसत्त्वाचे नामकरण केले. पक्ष्यांच्या पोषणाचे ज्ञान अशा रीतीने प्रथम खुराड्यात जमा झाले. रानातल्या शिकारी पक्ष्यांपर्यंत ते पोहोचण्यास अर्धे शतक लागले. कोंबडी दाणे खाणारी आहे आणि ससाणा सबंध प्राणी खाणारा आहे, हा भेद न ओळखता कोंबडीची प्रमाणके ससाण्याला लावण्याची चूक बराच काळ होत राहिली.

आहार व जीवनसत्त्वे : शिकारी पक्षी भक्ष्याचे केवळ मांस खात नाही. घुबड उंदीर सबंध गिळते. ससाणा पक्ष्याची पिसे उपटून स्नायू, यकृत, हृदय व लहान हाडे खातो. न पचलेली लोकर, पिसे व हाडांचे तुकडे गोळीच्या रूपाने नंतर ओकून टाकले जातात. यकृतातून अ जीवनसत्त्व, चरबीतून ई जीवनसत्त्व, हाडांतून कॅल्शियम आणि यकृत व इतर अवयवांतून ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. एकूण भक्ष्य हे समतोल अन्न असते. त्यातील एखादा भाग वगळला की समतोल बिघडतो. पिंजऱ्यातील घारीला रोज खाटकाकडचे हाडाविना मांस देणारा मनुष्य तिच्यावर दयाच करीत असतो. तथापि स्नायूंच्या मांसात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे गुणोत्तर सु. १ : २० असते, तर वाढत्या पिलाला ते उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसापेक्षा अधिक असावे लागते. अशा पिलाची हाडे काही आठवड्यांतच वाकतात.

क जीवनसत्त्व मात्र या पक्ष्यांना अन्नातून घ्यावे लागत नाही. या बाबतीतील पायाभूत संशोधन कलकत्ता येथे झाले. आर. एन. रॉय व बी. सी. गुहा यांनी १९५८ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांच्या ॲस्कॉर्बिक अम्ल बनविण्याच्या क्षमतेतील भेद प्रसिद्ध केले. सर्वपरिचित बुलबुलाला हे अम्ल बनविता येत नाही, हे त्यांना आढळले. सी. आर. चौधुरी व आय. बी. चॅटर्जी यांनी १९६९ मध्ये पक्षिवर्गातील क्रम मांडला. त्यानुसार प्राचीन गणांत हे संश्लेषण वृक्कात (मूत्रपिंडात) होते, काही गणांत वृक्क व यकृत या दोहोंत होते, उत्क्रांतीत पुढे गेलेल्या अनेक गायक पक्ष्यांत केवळ यकृतात होते आणि काहींत ते लुप्त झाले आहे. नंतरच्या संशोधनाने या क्रमाला काही अपवाद दाखविले असले, तरी मूळ निरीक्षणांचे मोल कमी झालेले नाही.

अ जीवनसत्त्व : रक्तात हे मुख्यतः रेटिनॉलाच्या रूपात असते. यकृतातून बाहेर पडताना रेटिनॉल एका विशिष्ट वाहक प्रथिनाला जोडले जाते आणि ते प्रथिन पुन्हा ट्रान्सथायरेटीन या दुसऱ्या प्रथिनाशी संलग्न होते. या जोडीमुळे रेटिनॉलाचा लहान रेणू वृक्कातून गळून जात नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. यकृतात साठा असेपर्यंत शरीर रक्तातील रेटिनॉल जवळजवळ स्थिर राखते आणि साठा संपत आला की मगच ते झपाट्याने घसरते. सावकाराची तिजोरी रिकामी होत असली तरी पेढीवरचा व्यवहार शेवटच्या दिवसापर्यंत सुरळीत दिसावा, तशीच ही स्थिती असते. म्हणून रक्तातील प्रमाण सर्वसाधारण आहे एवढ्यावरून पक्ष्याला अ जीवनसत्त्वाची वाण नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रमाण अत्यल्प असेल, तर मात्र न्यूनता निश्चित आहे असे धरावे.

न्यूनतेत मुख, श्वासमार्ग व अश्रुमार्ग यांच्या श्लेष्मल अस्तराच्या पेशी चपट्या व शृंगी बनतात, डोळे सुजतात आणि जंतुसंसर्ग सहज होतो. मूत्रवाहिन्यांचे अस्तरही असेच बदलते. परिणामी यूरिक अम्लाचे उत्सर्जन अडून अंतर्गत अवयवांवर त्याचे पांढरे थर बसतात. या शेवटच्या लक्षणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

मत्स्याहारी शिकारी पक्ष्यांत एक वेगळेपण आढळते. गोड्या पाण्यातील माशांच्या यकृतात नेहमीच्या रेटिनॉलाबरोबर अ२ हे त्याचे जवळचे रूपही असते. पकडलेल्या माशांवरच जगणाऱ्या ऑस्प्रे या पक्ष्याच्या रक्तद्रवात हे रूप मिळते. पक्षी व सस्तन प्राणी यांवर जगणाऱ्या गॉशॉकमध्ये ते दिसत नाही. अशा प्रकारे रक्तातील एखादे संयुग आहाराची मुद्राच ठरते.

प्रदूषकांचा या जीवनसत्त्वाशी असलेला संबंध विशेष चिंताजनक आहे. पॉलिक्लोरीनयुक्त बायफिनिले (पीसीबी) या औद्योगिक द्रव्यांची शरीरात बनणारी हायड्रॉक्सिल रूपे ट्रान्सथायरेटिनावर ठाण मांडतात. त्यामुळे रेटिनॉलाची वाहतूक बिघडते आणि यकृतातील साठाही घटतो. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांवरच्या हेरिंग कुरवांच्या यकृतात असा घट १९८० नंतरच्या दशकात नोंदला गेला. शिकारी पक्षी अन्नसाखळीच्या शेवटच्या टोकाला असल्यामुळे ही द्रव्ये त्यांच्या शरीरात अधिकच साचतात. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होण्याचा प्रकार मात्र याहून निराळा समजला पाहिजे. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये बहिरी ससाण्याच्या अंड्यांवरून तो उघडकीस आणला. त्यामागे आहारातील कॅल्शियमाचा किंवा ड जीवनसत्त्वाचा अभाव नसून कवच बनविणाऱ्या ग्रंथीतील कॅल्शियमाच्या वहनात डीडीई या द्रव्याने आणलेला अडथळा होता.

ई जीवनसत्त्व : अल्फा टोकोफेरॉल हे याचे रक्तातील प्रमुख रूप होय. पेशींच्या पटलांतील असंतृप्त वसाम्लांचे ऑक्सिडीभवन रोखणे हे त्याचे कार्य आहे. अ जीवनसत्त्वाप्रमाणे याला स्वतंत्र वाहक प्रथिन रक्तात नसते. ते वसाप्रथिनांबरोबर वाहते. म्हणून रक्तातील वसा वाढली की टोकोफेरॉलही वाढलेले दिसते. अंडी घालण्यापूर्वी मादीच्या रक्तात पीतकासाठी (अंड्याच्या बलकासाठी) लागणारी वसा मोठ्या प्रमाणात फिरत असते. त्या वेळचा आकडा नराच्या आकड्याशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. चिकित्सक अभ्यासक टोकोफेरॉलचे कोलेस्टेरॉलाशी किंवा एकूण वसेशी गुणोत्तर देतात, आणि तेच योग्य होय.

पाळीव बहिरी ससाण्यांच्या रक्तद्रवातील ई जीवनसत्त्वावर आहाराचा परिणाम होतो, हे १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. त्या काळी डीडीटीमुळे नष्टप्राय झालेल्या ससाण्यांची पैदास बंदिवासात करून ते रानात सोडले जात होते. अंडी न उबणे व पिले दगावणे यांची कारणे शोधताना आहाराकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. दीर्घकाळ गोठवून ठेवलेल्या भक्ष्यातील ई जीवनसत्त्व हळूहळू नाश पावते. खवट झालेल्या माशांतील वसाम्ले तर उरलेलेही खर्ची घालतात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांत ते मुख्यतः न शोषलेल्या पीतकात असते. पिंजऱ्यातील स्वच्छतेसाठी तो पीतक काढून टाकण्याची काही ठिकाणची पद्धत त्यामुळे शंकास्पद ठरते.

ड जीवनसत्त्व : पक्षी ड३ या रूपाचा उपयोग करतात. वनस्पतिजन्य ड२ त्यांना फारसे उपयोगी पडत नाही. रक्तातील स्थिती २५–हायड्रॉक्सी या रूपावरून ठरवितात, कारण ते यकृतात बनून आठवडेच्या आठवडे रक्तात टिकते. त्वचेवर सूर्यप्रकाश पडून ड३ तयार होते. कोंबडीत त्याचे पूर्वद्रव्य पिसांखालील त्वचेपेक्षा पायांच्या उघड्या त्वचेत कितीतरी पट अधिक असते. रात्रिंचर घुबडांना सूर्यप्रकाश थोडाच मिळतो. त्यांची गरज सबंध गिळलेल्या भक्ष्याच्या यकृतातून व चरबीतून भागते. गिधाडे सकाळी पंख पसरून उन्हात बसतात, त्याचा संबंध अनेकदा ड जीवनसत्त्वाशी जोडला जातो. परंतु उड्डाणात वाकलेली पिसे उन्हाच्या उष्णतेने पुन्हा सरळ होतात, हे त्याचे अधिक सयुक्तिक कारण आहे.

हाडांच्या विकाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील केप गिधाडांचे आहे. पी. जे. मंडी व जे. ए. लेजर यांनी १९७६ मध्ये ते मांडले. पशुपालनाच्या प्रदेशांत अनेक पिलांची पंखांची हाडे वाकडी किंवा मोडलेली आढळत. तेथे उन्हाची कमतरता नव्हती आणि मांसाचीही नव्हती. कमी होते ते तरस. मोठ्या जनावरांची हाडे तरस फोडतात आणि त्यांचे कपचे गिधाडे पिलांसाठी नेतात. गुराख्यांनी तरस संपविल्यावर कपचे मिळेनासे झाले. गिधाडांसाठी मांस टाकण्याच्या जागी फोडलेली हाडे ठेवण्यास सुरुवात झाली, तेव्हा विकृत पिलांचे प्रमाण घटले. असा विकार असलेल्या पिलाच्या रक्तात कॅल्शियम पुष्कळदा सर्वसाधारणच असते, कारण परावटू ग्रंथीचे हॉर्मोन हाडे झिजवून ते तसे राखते. येथेही रक्त निर्दोष दिसते आणि झीज इतरत्र होते.

कॅरोटिनॉइडे : ही जीवनसत्त्वे नव्हेत. त्यांपैकी बीटा कॅरोटीन हे अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य आहे. शिकारी पक्ष्यांच्या चोचीच्या मुळाशी व पायांवर दिसणारा पिवळा रंग मात्र मुख्यतः ल्युटिनाचा असून त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. तरीही रक्ताच्या परीक्षणात दोन्ही एकत्र मोजली जात असल्याने त्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. पक्षी ही द्रव्ये स्वतः बनवू शकत नाहीत आणि मांसात ती अत्यल्प असतात. मग पांढऱ्या गिधाडाचा चेहरा इतका पिवळाधमक कसा, या प्रश्नाचे उत्तर स्पेनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दिले : हे गिधाड गाई–शेळ्यांचे शेण खाते. शेणात पोषक अंश नाममात्र, पण चाऱ्यातून आलेले ल्युटीन भरपूर असते. महाराष्ट्रातही गावाबाहेरच्या उकिरड्यांवर व गोठ्यांच्या आसपास हे गिधाड पूर्वीपासून परिचित आहे. त्याच्या या सवयीमुळे त्याला हीन लेखले जाई. रक्ताच्या परीक्षणाने त्या सवयीचे प्रयोजन उलगडले.

के जीवनसत्त्व व मूषकनाशके : आजच्या काळात शिकारी पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वाधिक घातक ठरलेला प्रश्न या जीवनसत्त्वाशी निगडित आहे. यकृतात रक्तक्लथनाचे घटक पूर्णत्वास नेताना के जीवनसत्त्व ऑक्सिडीभूत होते आणि एका एंझाइमाच्या साहाय्याने पुन्हा मूळ रूपात येते. हे चक्र अविरत चालू असते, म्हणून अल्प जीवनसत्त्वावरही काम भागते. कुजलेल्या स्वीट क्लोव्हर गवतामुळे अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरत. त्याचा शोध घेताना विस्कॉन्सिन येथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत डायकूमेरॉल हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्यातूनच पुढे वॉर्फरीन निघाले व १९४८ पासून ते उंदीर मारण्यासाठी वापरात आले. वॉर्फरीन वरील एंझाइमच बंद पाडते. उंदरांनी त्याला दाद देणे सोडल्यावर ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम इ. दुसऱ्या पिढीची द्रव्ये आली. ती यकृतात महिनोन्‌महिने टिकतात.

विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर हिंडतो आणि घुबडाला किंवा घारीला सर्वांत सोपे भक्ष्य तोच असतो. एका उंदरातील मात्रा पक्ष्याला पुरी पडत नसली, तरी ती यकृतात साठत जाते. ब्रिटनमध्ये मृत गव्हाणी घुबडांच्या यकृतांच्या तपासणीत बहुसंख्य पक्ष्यांत या द्रव्यांचे अवशेष आढळतात. न्यूयॉर्क येथील प्राणिसंग्रहालयातून २०२३ मध्ये निसटलेला व वर्षभर शहरात मुक्त राहिलेला फ्लॅको नावाचा युरेशियाई हुमा घुबड फेब्रुवारी २०२४ मध्ये मरण पावला. त्याच्या शरीरात अशी चार निरनिराळी द्रव्ये आणि कबुतरांपासून आलेल्या विषाणूचा तीव्र संसर्ग सापडला. भारतातही ब्रोमॅडिओलोन शेतात व गोदामांत वापरले जाते. गव्हाणी घुबडाची एक जोडी वीण करताना शेकडो उंदीर फस्त करते. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाने घुबडच मरणे हे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होय.

अशा पक्ष्यात रक्तातील के जीवनसत्त्व मोजून काही कळत नाही. रक्त गोठण्यास लागणारा काळ मोजावा लागतो. त्या चाचणीत सस्तन प्राण्यांपासून मिळविलेले थ्राँबोप्लास्टीन चालत नाही, पक्षिजन्यच वापरावे लागते. ही अट न पाळल्याने निरोगी पक्षीही रोगी ठरल्याची उदाहरणे आहेत. उपचार म्हणून के१ जीवनसत्त्व कित्येक आठवडे द्यावे लागते. दोन–तीन दिवसांत पक्षी टवटवीत दिसला म्हणून औषध थांबविणे घातक ठरते, कारण यकृतातील विष तोवर संपलेले नसते.

ब गट : यांपैकी थायामीन (ब१) तेवढे येथे महत्त्वाचे आहे. काही माशांत थायामिनेज हे थायामिनाचा नाश करणारे एंझाइम असते. मासे गोठवून साठविल्यावरही ते कार्य करीत राहते. केवळ अशा माशांवर ठेवलेला पक्षी मान पाठीकडे वळवून आकाशाकडे पाहत राहतो व त्याला झटके येतात. थायामीन टोचल्यावर काही तासांतच तो सावरतो. उपचाराचा हा त्वरित गुण हेच निदानाचे उत्तम प्रमाण होय.

नमुना व मापन : पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या सु. एक–दशांश रक्त असते आणि निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या शेकडा १ इतके रक्त काढणे सुरक्षित मानतात. दीडशे ग्रॅम वजनाच्या शिक्र्यातून याप्रमाणे जास्तीत जास्त दीड मिलि. रक्त मिळते. पाच किग्रॅ. वजनाच्या गिधाडाच्या बाबतीत ही अडचण नाही. रक्त पंखाच्या किंवा मानेच्या शिरेतून हेपारिनयुक्त नळीत घेऊन लगेच अंधारात ठेवतात, कारण प्रकाशाने रेटिनॉल व कॅरोटिनॉइडे विघटित होतात. केंद्रोत्सारक यंत्राने रक्तद्रव वेगळा करून तो उणे ७०° से. किंवा त्याहून कमी तापमानात साठवितात. पूर्वी अँटिमनी ट्रायक्लोराइडाने येणाऱ्या निळ्या रंगावरून अ जीवनसत्त्व मोजीत. त्याची जागा आता उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखनाने घेतली आहे. रेटिनॉल सु. ३२५ नॅनोमीटर, टोकोफेरॉल सु. २९२ नॅनोमीटर व कॅरोटिनॉइडे सु. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, या गुणधर्मावर ती एकाच नमुन्यात ओळखली जातात. निरनिराळ्या अहवालांतील आकडे ताडताना एकके तपासावीत. रेटिनॉलाचे लिटरला १ मायक्रोमोल म्हणजे १०० मिलि.मध्ये सु. २८·६ मायक्रोग्रॅम, तर टोकोफेरॉलाचे तितकेच मोल सु. ४३ मायक्रोग्रॅम भरतात.

वय, ऋतू, प्रजननाची अवस्था व शेवटचे खाणे किती तासांपूर्वी झाले यांनुसार आकडे बदलतात. घरट्यातील पिले सहज हाती लागतात म्हणून पुष्कळसे आकडे पिलांचेच आहेत आणि ते प्रौढांना लागू करता येत नाहीत. जखमी होऊन उपचार केंद्रात आलेला पक्षी बहुधा अनेक दिवस उपाशी असतो. त्याच्यावरून रानातील पक्ष्यांचे अनुमान बांधणे धोक्याचे असते. याउलट जीवनसत्त्वांची औषधे बेसुमार देणेही अपायकारक आहे. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक ड व ई जीवनसत्त्वांच्या कार्यात अडथळा आणतो.

भारतातील गिधाडांच्या संदर्भात या विषयाला वेगळेच वजन प्राप्त झाले. १९९० नंतरच्या दशकात गिधाडे झपाट्याने मरू लागली. मृत पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर यूरिक अम्लाचे पांढरे थर असत. हे दृश्य अ जीवनसत्त्वाच्या न्यूनतेतही दिसत असल्याने नुसत्या शवपरीक्षेवरून कारण ठरविता येण्यासारखे नव्हते. विषाणुजन्य रोगाचाही संशय घेतला गेला. अखेर २००४ मध्ये पाकिस्तानातील गिधाडांवरील संशोधनाने गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. त्याने वृक्क निकामी होऊन रक्तातील यूरिक अम्ल एक–दोन दिवसांत अनेक पटींनी वाढते. भारत सरकारने गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये आणि किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये बंदी घातली. हरयाणातील पिंजोर येथील केंद्रात वाढविलेली गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ताडोबा व पेंच येथे आणली गेली. बंदिवासात औषधमुक्त बकऱ्यांवर पोसलेल्या अशा पक्ष्यांच्या रक्ताची सोडण्यापूर्वीची नोंद हाती असली, तर पुढे रानात आजारी सापडलेल्या पक्ष्याचा दोष आहाराचा की औषधाचा, हे त्याच पक्ष्याच्या पूर्वीच्या आकड्यांशी ताडून ठरविता येते.